यंत्र साक्षीला यावे, निवाड्याला नव्हे!

ऑगस्ट २०२५ मधली, राखीपौर्णिमेच्या सुमारासची गोष्ट. नागपूर-जबलपूर राजमार्गावर, देवलापार ठाण्याच्या हद्दीत, एका भरधाव ट्रकने एका दुचाकीला ठोकरले आणि तो तसाच पुढे निघून गेला. दुचाकीवर एक जोडपे होते, मध्य प्रदेशातील आपल्या गावाकडे निघालेले. पत्नी जागच्या जागी गतप्राण झाली. पती येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांपुढे हात जोडीत राहिला, मदतीची याचना करीत राहिला. सणाचे दिवस, राजमार्ग वाहता, आणि एकही वाहन थांबले नाही! अखेर त्या अभाग्याने पत्नीचा निष्प्राण देह आपल्याच दुचाकीला बांधला आणि तो वाटेला लागला. हे दृश्य पुढे साऱ्या देशाने पाहिले व साऱ्या देशाने हळहळ व्यक्त केली. हळहळीला पैसा पडत नाही.

ट्रकचा क्रमांक त्या माणसाला सांगता आला नाही. ट्रक केवढा होता, कोणत्या बनावटीचा होता, हेही सांगता आले नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत संसार उद्ध्वस्त होतो त्याने क्रमांक टिपून ठेवावा, ही अपेक्षाच क्रूरपणाची आहे. ट्रकवर तांबड्या खुणा होत्या, एवढेच त्याच्या स्मरणात उरले होते. नागपूर ग्रामीण पोलिसांनी वाटेतील टोलनाक्यांवरची चित्रणे गोळा केली आणि ती ‘मार्व्हल’ या, महाराष्ट्र सरकारने २०२४ साली नागपुरात उभारलेल्या यंत्रणेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे ठेवली. एका गणिताने तांबड्या खुणांचे ट्रक वेचून काढले, दुसऱ्याने नाक्यांमधील अंतर कोणत्या ट्रकने किती वेगाने कापले याचा हिशेब केला आणि छत्तीस तासांच्या आत तो ट्रक सुमारे सातशे किलोमीटरांवर, ग्वाल्हेर-कानपूर राजमार्गाच्या बाजूला, चालकासह पोलिसांच्या हाती लागला.

ही घटना आम्ही आरंभीच सांगतो, याला कारण आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आज आमच्या भागात जे बोलले जाते त्यात दोन टोके आढळतात. एक म्हणतो, हा कलीचा अवतार आहे, माणसाला खाऊन टाकील. दुसरा म्हणतो, हा कल्पवृक्ष आहे, याच्या छायेत बसले की झाले. दोघांनाही आम्ही देवलापारच्या त्या रस्त्यावर नेऊन उभे करू इच्छितो. तेथे हाडामांसाची, हृदय असलेली माणसे काचा वर करून निघून गेली आणि ज्याला हृदय नाही त्या यंत्राने गुन्हेगाराचा माग काढला. यंत्राची निंदा करणाऱ्याने आधी त्या दिवशी त्या रस्त्यावरून कोण कोण गेले, याचा विचार करावा. आणि यंत्राची आरती ओवाळणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की, यंत्राने ट्रक दाखविला, पकडला तो पोलिसांनी, आणि चालक दोषी की निर्दोष हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचाच राहिला. यंत्राने केवळ बोट दाखविले. त्या बोटाच्या दिशेने जाऊन प्रत्यक्ष ट्रक पाहणारा, आणि बोट चुकले असेल तर ‘हा तो नव्हे’ असे म्हणून परत फिरू शकणारा, माणूस मध्ये होता.

हा मधला माणूसच काढून टाकला तर काय होते, हे पाहायला बोरगावकराला नागपूरलाही जावे लागत नाही. आपल्या वावरात उभे राहिले तरी पुरे आहे.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसानभरपाईचा निकष सांगायला सोपा आहे. एका पटवारी हल्क्यात एखाद्या पिकाचे मागील सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांचे सरासरी उत्पादन काढावयाचे, त्याला ठरलेल्या जोखीमस्तराने गुणावयाचे, म्हणजे ‘उंबरठा उत्पादन’ मिळते. यंदाचे उत्पादन त्या उंबरठ्याच्या खाली गेले तर जेवढे खाली गेले त्या प्रमाणात भरपाई, वर राहिले तर शून्य. आता सारा प्रश्न एवढाच उरतो की, ‘यंदाचे उत्पादन’ ठरवावयाचे कोणी आणि कसे? पिढ्यान्‌पिढ्या याचे उत्तर होते पीक कापणी प्रयोग. चिठ्ठीसारखे अंक काढून वावर निवडले जाई. त्या वावराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून मोजून पावले टाकली जात. जेथे पाऊल थांबेल तेथे, बहुतेक पिकांसाठी, पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद असा तुकडा दोरीने आखला जाई. त्यातले पीक कापून, मळून, काट्यावर घालून वजन कागदावर चढविले जाई. धुऱ्यावर चार कास्तकार उभे असत. काटा सर्वांना दिसे. वजन कमी भरले तर का कमी भरले, हे सांगायला शेंगा हातात असत.

या प्रयोगाची आम्ही पूजा बांधतो आहोत असे कोणी समजू नये. त्याचे दोष आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पटवारी झाडाखाली खाटेवर बसून आकडे कसे ‘कापतो’, हे ज्याने पाहिले नाही असा कास्तकार या पट्ट्यात विरळा. कोणाच्या वावरात दोरी पडावी आणि कोणाच्या पडू नये, यासाठी चहापाण्यापासून वर जे जे चालते ते ते आम्ही जाणतो. विमा कंपनीचा प्रतिनिधी येतो तो आकडा वर कसा जाईल हे पाहायला, गावपुढारी येतो तो आकडा खाली कसा येईल हे पाहायला, आणि या रस्सीखेचीत खरे वजन कोठल्या कोठे राहते. शिवाय हे प्रयोग रखडतात, आणि ते रखडले की भरपाई रखडते. पुढचा हंगाम तोंडावर येतो तरी मागच्या हंगामाचा पैसा येत नाही. तेव्हा यावर काही तरी शास्त्रीय उपाय हवा होता, हे आम्ही निःसंकोचपणे मान्य करतो.

उपाय निघाला तो ‘यस-टेक’ या नावाने. उपग्रहाची छायाचित्रे, पाऊसपाण्याच्या नोंदी आणि मागील वर्षांचे आकडे यंत्रबुद्धीपुढे ठेवावयाचे आणि तिने उत्पादनाचे अनुमान सांगावयाचे. २०२३ च्या खरिपापासून भात व गहू, आणि २०२४ च्या खरिपापासून सोयाबीन, या पिकांसाठी केंद्र सरकारने ही पद्धत लागू केली. या अनुमानाला किमान तीस टक्के वजन द्यावे असा केंद्राचा नियम आहे. बाकीचे माप पीक कापणीचे. मध्य प्रदेश सरकारने मात्र तीस टक्क्यांत समाधान मानले नाही. त्याने पूर्ण शंभर टक्के भार यंत्रावर टाकला आणि दोरी व काटा गुंडाळून ठेवला! २०२३-२४ चे दावे याच हिशेबाने चुकते झाले. भोपाळकरांच्या या पराक्रमाचा उल्लेख दिल्लीच्या सरकारी पत्रकांतून आदर्श म्हणून होत असतो.

आता हा आदर्श वावरात उतरवून पाहू. आमच्याकडचा कास्तकार एका वावरात एकच पीक घेतो, असे भोपाळच्या वातानुकूलित दालनात वाटत असेल. येथे पऱ्हाटीत तुरीच्या ओळी असतात, सोयाबीनला लागून मका असतो, आणि धुरा ओलांडला की संत्र्याची बाग लागते. मोफत मिळणाऱ्या उपग्रहचित्रांतील एक ठिपका दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असतो. दोन एकरांच्या तुकड्यात असे ठिपके मावतात किती आणि त्यातले निर्भेळ किती? खरिपात आकाश महिनोन्‌महिने झाकोळलेले. ढगांतून पाहणारे रडारचे डोळेही आता उपग्रहांना आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु ढग भेदणाऱ्या त्या डोळ्याला शेंगेच्या आत दिसते काय? सोयाबीनचे दुःख तर आतलेच आहे. पाऊस अवेळी लांबतो, पिवळा मोझॅक पडतो, झाड उभे राहते, कधी कधी वेळ टळून गेल्यावरही हिरवेगार राहते, आणि शेंग हातात घेऊन दाबली तर दाणा नाही! वरून पाहणाऱ्याला ते हिरवेपण म्हणजे समृद्धी वाटते. खालून पाहणाऱ्या बाईला ते वांझ झाड आहे हे चिमटीत कळते. ज्या हिरवेपणाने कास्तकाराला बुडविले, तोच हिरवेपणा त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा केला जाण्याचा धोका आहे.

यंत्र कधी चुकत नाही काय, असा प्रश्न आम्ही विचारीत नाही. यंत्र चुकणार, पटवारीही चुकतो. आमचा प्रश्न निराळा आहे. पटवारी चुकला तर कास्तकार त्याला धुऱ्यावर अडवू शकत होता. तहसीलदाराकडे तक्रार घेऊन जाऊ शकत होता, पंचनाम्यावर सही करण्यास नकार देऊ शकत होता, आणि काहीच नाही तर त्याच्या तोंडावर त्याला खोटारडा म्हणू शकत होता. उपग्रहाला अडवावयाचे कोठे? गणिताला जाब विचारावयाचा कोणत्या भाषेत? कास्तकार बँकेत जातो, बँक म्हणते विमा कंपनीला विचारा. कंपनी म्हणते आकडा सरकारने दिला. कृषी कार्यालय म्हणते आकडा तंत्राने आला. तंत्र काहीच म्हणत नाही, कारण त्याला तोंडच नाही. कार्यालयातून कार्यालयात चेंडू टोलविण्याचा हा खेळ जुनाच आहे. नवे एवढेच की, पूर्वी चेंडू शेवटी कोणा तरी माणसाच्या अंगणात पडत असे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान विमा कंपन्यांवर व अधिकाऱ्यांवर कडाडले. शेतकऱ्यांच्या खात्यांत भरपाई म्हणून एक रुपया, तीन रुपये, पाच रुपये जमा झाल्याच्या तक्रारी त्यांच्यापुढे आल्या होत्या. त्यांत त्यांच्या स्वतःच्या सिहोर जिल्ह्याच्या होत्या, तशाच महाराष्ट्रातल्याही होत्या. ही शेतकऱ्यांची थट्टा आहे असे म्हणून त्यांनी चौकशीचे आदेश दिले आणि उपग्रहाच्या साहाय्याने होणाऱ्या मोजणीच्या विश्वासार्हतेविषयीही विचारणा केली. या प्रत्येक रुपयाचे खापर आम्ही यंत्राच्या माथी फोडीत नाही. विम्याच्या हिशेबात कज्जे अनेक असतात. परंतु एक गोष्ट वाचकांनी पाहावी. सोळा वर्षांहून अधिक काळ ज्यांनी या प्रांताचे मुख्यमंत्रिपद भूषविले, जे आज देशाचे कृषिमंत्री आहेत, त्यांनासुद्धा ‘हा आकडा आला कोठून?’ हे बैठक बोलावून विचारावे लागले! मग सौंसरच्या तीन एकरवाल्याने कोणाला बोलवावे?

हे दुःख आमच्या एकट्याचे नाही. तेलंगणात २०१६ च्या सुमारास संगणकाच्या चाळणीवर विसंबून, घरी जाऊन पाहणी न करता, लक्षावधी शिधापत्रिका रद्द करण्यात आल्या. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, दारोदार जाऊन फेरतपासणी करा; तेव्हा अशा पत्रिकांची संख्या १९ लाखांच्या घरात होती. संगणकाने ज्याला ‘मोटारीचा मालक’ ठरविले त्याच्या दारात मोटार आहे की नाही, हे पाहायला दारातच जावे लागते, एवढे साधे शहाणपण देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने शिकवावे, यापरते प्रशासनाचे वस्त्रहरण कोणते? आणि युरोपकडे आदराने पाहणाऱ्यांसाठी हॉलंडचा दाखला आहे. तेथे बालसंगोपनाच्या अनुदानात लबाडी करणाऱ्यांना हुडकण्यासाठी करखात्याने यंत्राची मदत घेतली. जोखीम मोजताना नागरिकत्व हाही एक निकष धरला गेला. हजारो निरपराध आईबापांवर फसवणुकीचा शिक्का बसला, कर्जाचे डोंगर चढले, संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये त्या पापापायी तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. तेथे निदान मंत्रिमंडळ गेले. आमच्याकडे कारकुनाची बदलीही होत नाही.

येथे आमचा एक सुशिक्षित वाचक म्हणेल की, संपादकमहाशय, माणूस लाच खातो, जात पाहतो, नाते पाहतो. यंत्र यातले काही करीत नाही. मग पक्षपाती माणसापेक्षा निःपक्षपाती यंत्र बरे नव्हे काय? युक्तिवाद मोठा गोंडस आहे. परंतु यंत्राला शहाणपण येते कोठून? माणसाने आजवर जे लिहून ठेवले, मोजून ठेवले, त्यावरून. झाडाखाली बसून कापलेले जे आकडे दप्तरात चढले, तेच मागील वर्षांचे आकडे म्हणून यंत्रापुढे गेले आहेत. पटवाऱ्याचा खोटेपणा यंत्राने धुऊन काढलेला नाही, तो पोटात घेऊन त्याच्यावर शास्त्राचा शेंदूर फासला आहे. खाटेवर बसलेल्या पटवाऱ्याला निदान शरमिंदे करता येत होते.

आणि आता त्या विषयाकडे वळू, जो आम्हां सीमेवरच्या माणसांच्या थेट जिभेवर आहे.

जानेवारी २०२६ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की, मुंबईच्या आय. आय. टी.च्या सहकार्याने असे एक यंत्र सिद्ध होत आहे की, जे माणसाच्या बोलण्यावरून, त्याच्या सुरावरून व शब्दांच्या ठेवणीवरून तो बेकायदेशीरपणे आलेला बांगलादेशी आहे किंवा कसे, हे ओळखील. तूर्त यश साठ टक्क्यांच्या आसपास आहे, काही महिन्यांत ते शंभरावर नेऊ, असेही त्यांनी सांगितले. बेकायदेशीर घुसखोरी खपवून घ्यावी असे आमचे मत नाही. राष्ट्राला सीमा असतात आणि त्या राखाव्या लागतात. परंतु सुरावरून माणूस कोठला हे ठरविणारे यंत्र, हे ऐकून बोरगावात बसलेल्या आमच्यासारख्याच्या अंगावर काटा उभा राहिला, हे आम्ही लपवू इच्छित नाही.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. गणिताशी आमचे विद्यार्थिदशेपासूनचे हाडवैर. तरीही हा हिशेब आम्ही बोटांवर करून पाहिला. समजा एका वस्तीत हजार माणसे आहेत व त्यांत परदेशातून चोरून आलेली दहा आहेत. यंत्र शंभरांत साठ वेळा बरोबर ओळखते असे धरू. त्या दहांपैकी सहा सापडले. उरलेल्या ९९० स्वदेशी माणसांपैकी शंभरी चाळीस, म्हणजे ३९६ माणसे, परदेशी ठरली! सहा चोरांसाठी चारशे सज्जन चावडीवर. बरे, यंत्र सुधारले आणि शंभरांत नव्याण्णव वेळा बरोबर ठरू लागले, तरी दहा चोरांबरोबर जवळजवळ दहा निरपराध जाळ्यात येतातच. आणि त्या दहांना सोडविणार कोण? ज्याच्यापाशी कागद आहेत तो सुटेल. ज्याचे कागद पुरात गेले, ज्याच्या आईने शाळेत नाव घालताना जन्मतारीख अदमासाने सांगितली, त्याची सुटका कोणी करावयाची?

आता बोरगावच्या माणसाचा सूर ऐकावा. तो ‘मला’ म्हणत नाही, ‘मले’ म्हणतो. ‘का’ विचारीत नाही, ‘काऊन’ विचारतो. वाक्य मराठीत आरंभितो आणि हिंदीत संपवितो, कारण शाळा हिंदीत झाली, कचेरी हिंदीत आहे, आजी मात्र मराठीत रागावत असे. पुण्यात त्याला लोक हिंदीवाला समजतात, भोपाळात मराठा समजतात, आणि नागपुरात तो घरचा असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या मध्य प्रदेशाची वाटणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौंसर येथेच राहिले. त्या दिवसापासून आमच्या जिभेवर दोन प्रांत नांदत आहेत. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, जिल्ह्याची कचेरी जवळ आली, तिची भाषा मात्र जवळ आली नाही. अशा जिभेला यंत्र कोणत्या खणात घालणार? आज शोध बांगलादेशीयांचा आहे, मान्य. परंतु त्या बांगला बोलणाऱ्यांतही कोलकात्याचा, मालद्याचा, मुर्शिदाबादचा भारतीय आहेच. दोन देशांत विभागलेल्या एका भाषेचा तोही आमच्यासारखाच सीमेवरचा माणूस आहे. भाषेची सीमा आणि राज्याची सीमा एक नसते, हे ज्यांना आपल्या घरात भोगावे लागले आहे, त्यांनी या यंत्राचे स्वागत कसे करावे? बोलीवरून नागरिकत्व ठरत नाही, हे तत्त्व आम्ही बंगाल्यासाठी सोडून दिले तर उद्या आमच्यासाठी ते कोणाच्या तोंडून ऐकावे?

पोलिसांपुरते म्हणावयाचे तर ज्या मार्व्हलने तो ट्रक शोधला त्याच्याच घराण्यातली ‘महाक्राइम-ओएस’ ही यंत्रणा, जी नागपूरच्या २३ ठाण्यांत चालली, ती राज्यातील सर्व ११०० ठाण्यांत नेण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये झाली. गुन्ह्याचे कागद लावणे, साक्षी-जबान्यांतील दुवे जुळविणे, परभाषेतला मजकूर वाचणे, ही कामे ती करते. कामाच्या ओझ्याखाली वाकलेल्या फौजदाराला असा मदतनीस मिळाला तर आम्हांस आनंदच आहे. त्या मदतनिसाने फौजदाराच्या खुर्चीत मात्र बसू नये.

लाभाची बाजू आम्ही झाकून ठेवतो असा आरोप येऊ नये म्हणून तीही सांगतो. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानाने उसावर केलेला प्रयोग सर्वांनी ऐकला आहे. जमिनीतले संवेदक, हवामानाच्या नोंदी व उपग्रह यांच्या आधारे कोणत्या तुकड्याला पाणी केव्हा व किती, हे यंत्र सांगते. पाणी वाचते, खत वाचते, ऊस वाढतो. तेथे यंत्र सल्ला देते, मोटार चालू करावयाची की नाही हे बागायतदार ठरवितो. महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये कृषी क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी पाचशे कोटींचे धोरण मंजूर केले, आणि ‘महाविस्तार’ या साधनातून सीमेपलीकडचा शेतकरी पिकावरच्या रोगाविषयी मराठीत प्रश्न विचारून मराठीत उत्तर मिळवू लागला. सावनेरचा कास्तकार यंत्राशी आईच्या भाषेत बोलतो. त्याच्याच धुऱ्याला धुरा लागलेला आमचा कास्तकार आधी आपले दुःख हिंदीत उतरवितो, मग सरकारपुढे मांडतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे आम्हीही वाटले. त्या अभिजात भाषेतील ‘पऱ्हाटी’ म्हणजे कपाशीचे झाड, हे भोपाळच्या यंत्राला कोण शिकविणार, हे मात्र अजून कळलेले नाही.

रोजगाराचा प्रश्न मोठा आहे आणि तो एका परिच्छेदात मावणारा नाही, म्हणून येथे त्याला केवळ स्पर्श करतो. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या तरुणाला, कापडातला दोष पाहणारा यांत्रिक डोळा आला की आपले काय, ही चिंता आहे. ती पोकळ नाही. १९५५ साली कानपूरच्या गिरणीकामगारांनी ‘रॅशनलायझेशन’विरुद्ध ८० दिवस संप केला तेव्हाही प्रश्न हाच होता की, यंत्राने वाचविलेल्या श्रमांचा वाटा कोणाला? त्याचे उत्तर तेव्हा मिळाले नाही. आजही मालकवर्ग ते देण्याच्या घाईत दिसत नाही. यावर आम्ही स्वतंत्रपणे लिहू.

सध्याचा तातडीचा प्रश्न विम्याचा आहे, कारण तेथे हंगाम थांबत नाही. आमची मागणी उपग्रह खाली उतरवावा अशी नाही. उपग्रहाने पाहावे, यंत्राने अनुमान सांगावे, आणि तेवढ्याच हल्क्यात पूर्वीच्या नियमाप्रमाणे किमान चार पीक कापणी प्रयोग गावकऱ्यांच्या समक्ष व्हावेत. दोन आकडे जुळले तर पैसा ताबडतोब द्यावा. न जुळले तर ज्या अधिकाऱ्याची सही आकड्याखाली आहे त्याने वावरात येऊन का जुळले नाहीत ते सांगावे. अशी सही करणारा अधिकारी प्रत्येक हल्क्याला नावानिशी असला पाहिजे. यंत्राचा आकडा अंतिम होण्यापूर्वी पंधरा दिवस तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे, हिंदीत आणि मराठीत, आणि त्यावर हरकत घेण्यासाठी भोपाळपर्यंत नव्हे, सौंसरच्या तहसीलपर्यंत जावे लागले पाहिजे. बोलीवरून माणसाची पारख करणाऱ्या यंत्राच्या उत्तरावरून कोणाला ताब्यात घेतले जाणार नाही, हे महाराष्ट्र सरकारने लेखी जाहीर करावे. यात खर्चाचे असे काय आहे? भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारभाराची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत माणसाला केंद्रस्थानी ठेवण्याची आणि उत्तरदायित्वाची भाषा आहेच. त्या भाषेचा हिशेब आम्ही आमच्या हल्क्यापुरता मागतो आहोत.

आगामी खरिपात सोयाबीन कापणीला येईल तेव्हा सौंसरच्या कृषी अधिकाऱ्यांना आम्ही बोरगावच्या शिवारात येण्याचे निमंत्रण आजच देऊन ठेवतो. दोरी आणि काटा गावाजवळ आहे. वावर त्यांनी निवडावे, पावले त्यांनी मोजावीत, यंत्राचा आकडा त्यांनी खिशात घालून आणावा आणि वजन झाल्यावर सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. चहा गाव पाजील.